न धुतलेली एखादी वस्तू

धाकटा भाऊ बेपत्ता झाल्यावर काही आठवड्यांनी पोलिसांचा फोन आला. महामार्गालगतच्या शेतात एक जळालेला मृतदेह सापडला होता. चेहरा ओळखण्याजोगा नव्हता. भावाचे दोन्ही भागीदार संशयित म्हणून ताब्यात होते, पण देह त्याचाच हे ठरल्याशिवाय खुनाचा खटला टिकणं कठीण होतं.

तपास अधिकारी म्हणाले, "ताई, त्याची न धुतलेली एखादी वस्तू आणा. कंगवा, ब्रश, दाढीचं रेझर. त्यावरचा डीएनए देहाशी जुळतो का बघू." मी लिहून घेतलं आणि वारज्याला आईकडे गेले. भाऊ तिच्याजवळच राहायचा.

खोली लख्ख होती. माणूस घराबाहेर पडल्यावर लगेच केर काढायचा नाही, हे आई कटाक्षाने पाळते. तो गेला त्या दिवशी तिने झाडूला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून मात्र सगळं धुऊन काढलं होतं. शर्ट इस्त्रीचे, कंगवा सोड्याच्या पाण्यातून काढलेला, रेझर फेकलेलं, ब्रश नवाकोरा.

"हे कशाला केलंस?"

"मग? आल्यावर मळक्या अंथरुणात निजवू त्याला?"

मी अधिकाऱ्यांना फोन करून माझं रक्त देऊ केलं. ते म्हणाले, "बहिणीचंही घेऊ, पण आईचं हवंच. मुलाचा निम्मा डीएनए आईकडून आलेला असतो. तो त्या हाडांत सापडतो का, हे तपासतात."

आईने साफ नकार दिला. "रक्त दिलं म्हणजे तो गेला हे मी कबूल केलं."

मी आग्रह सोडला. भाजी चिरता चिरता तिनेच विचारलं, "आणि नाही जुळलं तर?"

"तर तो आपला नाही."

"मग चल."

सरकारी रुग्णालयात तिच्या रक्ताचे थेंब जाड कागदावर घेऊन वाळवले. फॉर्मवर तिचा फोटो, सही, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. पाकिटावर लाखेचं सील लागेपर्यंत ती जागची हलली नाही.

"नीट लावा हो. दुसऱ्या कुणाचं मिसळायला नको."

"आजी, तुम्हालाच भरती करून घेतो आमच्यात," हवालदार म्हणाला.

"घ्या. निदान कामं तरी वेळेवर होतील."

परतताना ती मोकळी दिसत होती. तिच्या लेखी, तो देह तिच्या मुलाचा नाही हे आता प्रयोगशाळाच सांगणार होती.

अहवालाला बराच काळ लागला. अधिकारी स्वतः घरी आले, खुर्चीच्या कडेला बसले.

"मावशी, जुळलं. दाढेतून डीएनए मिळाला. तुमचाच मुलगा. आता ते दोघे सुटायचे नाहीत."

आई म्हणाली, "त्यांचं तुम्ही बघा. त्याला कधी देता?"

"उद्या. ताब्यात घेताना घरच्या कुणाची तरी सही लागेल."

मी म्हटलं, "आई, तू घरी थांब. मी जाते."

"सही मी करणार," ती म्हणाली. "तू फक्त गाडी सांग."