मोठ्या बाईंनी झाकून ठेवलं नाही

बातमी आली तेव्हा मी बुलढाण्याच्या आमच्या घरी अंगणात ज्वारी पाखडत बसले होते. मेहकरकडची सर्व्हिस मोटार चालवणारा ड्रायव्हर स्वतः दारात आला, टोपी काढून उभा राहिला, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटण्याआधीच मला समजलं. जानेफळच्या आमच्या मोठ्या बाई, माझ्या थोरल्या जाऊबाई अनसूयाबाई, गेल्या. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटार कोळशाच्या गॅसवर चाललेली. चढ आला की खोकायची, थांबायची. बुलढाण्याहून जानेफळला पोचेपर्यंत आत बसून मी तिच्यावर नुसती चिडत होते. पोचले तेव्हा घरच्या बायका त्यांना शेवटची आंघोळ घालायच्या तयारीत होत्या. मीही पदर खोचला. त्यांच्या छातीची डावी बाजू सपाट, काखेपासून खाली आलेला तो जुना, पांढरा पडलेला व्रण. मी त्याच्यावर पाणी घातलं आणि तेवढ्यात बाहेर, दाराशी टेकलेली शेजारची म्हातारी म्हणाली, "अखेर त्याच दुखण्यानं नेलं बाप्पा. एवढं कापूनकुपून काय फायदा झाला?"

हातातला तांब्या तसाच ठेवून मी ओल्या हातांनी बाहेर आले. "न्यूमोनियानं गेल्या त्या," मी म्हणाले. "मेहकरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं. ते दुखणं तर केव्हाच नागपूरला राहिलं." म्हातारीनं मान हलवली, पण तिला पटलं नव्हतं... आणि तेराव्यापर्यंत तेच वाक्य मी आणखी कितीतरी तोंडांतून ऐकलं. म्हणून हे लिहिते आहे. मोठ्या बाईंना लिहितावाचता येत नव्हतं. पण त्यांच्या मरणाचं खोटं कारण गावभर फिरतंय हे त्यांना कळलं असतं, तर त्या तिरडीवरून उठून बसल्या असत्या.

त्या माहेरच्या देऊळगाव राजाच्या. घरची शेती, शिवाय बाजारात धान्याचं दुकान, त्यामुळे चार माणसांत बोलायची भीती त्यांना लहानपणापासून नव्हती. आवाज असा की घरात हसल्या तर विहिरीवरच्या बाया ओळखायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा माझे यजमान नागपूरला शिकत होते आणि मी बुलढाण्याच्या कारकुनाची, चार यत्ता शिकलेली, चुलीच्या धुरानं रडणारी मुलगी. "रडतं काऊन व इंदे? धूर काय तुह्याच डोळ्यात जाते काय?" असं म्हणत त्यांनी फुंकणी माझ्या हातातून घेतली, ती मी पुरती तयार होईपर्यंत परत दिली नाही.

आमच्या सासूबाई तेव्हा आतल्या खोलीत पडून असत. बाळंतिणीची ती खोली, तिथे पुरुष येत नसत. त्यांच्या छातीला जखम होती. वैद्याचा लेप, कडुलिंबाचा पाला, वर जुनं फडकं. ते फडकं रोज मोठ्या बाई बदलायच्या, धुवायच्या, आणि मला आत येऊ द्यायच्या नाहीत. वास मात्र दार लोटलं तरी यायचा. शेवटी शेवटी सासूबाई मोठ्या बाईंना म्हणाल्या की हे पहिल्यांदा हाताला लागलं तेव्हा तुरीच्या दाण्याएवढं होतं. दुखत नव्हतं, म्हणून बोलले नाही. आणि दुखायला लागलं तेव्हा लाज वाटली, म्हणून बोलले नाही. मोठ्या बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या रडत नव्हत्या. दात आवळून बसल्या होत्या. "सारा गाव म्हणते नशीब, नशीब. नशीब कायचं? तुरीएवढं होतं तवा कोनाले तरी सांगतलं असतं त..."

सासूबाई गेल्या, आणि काही वर्षांनी तसंच काहीसं मोठ्या बाईंच्या हाताला लागलं. त्या न्हाणीतून बाहेर आल्या, केस नुसते पिळलेले, आणि सरळ माझ्यापाशी येऊन माझा हात धरला व चोळीवरून आपल्या छातीवर ठेवला. चिंचोक्याएवढं, कडक. त्यांनी विचारलं, "लागते का नाई?" मी म्हणाले, लागतं. "मंग ठीक. मले वाटलं मी भेली म्हणून लागून राह्यलं."

आता हे आतल्या खोलीतच राहिलं असतं. पण त्या दिवशी पुरुष मंडळी जेवून ओसरीवर पान खात बसली असताना मोठ्या बाई डोक्यावर पदर घेऊन मधल्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. समोर आमचे चुलतसासरे नानाजी, शेजारच्या घरात राहणारे पण भावकीतले कर्ते. आणि त्यांच्या बाजूला मोठ्या बाईंचे यजमान, माझे थोरले दीर, ज्यांना सारे आबा म्हणतात.

"माह्या छातीत गाठ आहे," त्या म्हणाल्या. "सासूबाईले होती तशी. मी नागपूरले जाऊन दाखवून येतो."

नानाजींच्या हातातला अडकित्ता थांबला. "बाईमाणसाची गोष्ट ओसरीवर काऊन आणली? वैद्य लेप देईन. तिकडं परका पुरुष हात लावन, घराची अब्रू जाईन."

"सासूबाईले लेपच लावला होता, नानाजी. तो मी रोज धुतला. त्याच्याखाली काय होतं ते म्या पाह्यलं, तुमी नाई पाह्यलं."

आबा मान खाली घालून म्हणाले, "पेरणी होऊ दे, मंग पाहू." तर त्या म्हणाल्या, "गाठ पेरणीसाठी थांबते काय?" आणि आत निघून आल्या. सकाळी मात्र आबांनी स्वतः दमणीला बैल जुंपले. नानाजी ओट्यावर उभे होते. आबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांना काही विचारलंही नाही. नुसतं आम्हा दोघींना हात देऊन दमणीत चढवलं. मेहकरपर्यंत दमणी, खामगावपर्यंत मोटार, पुढं जलंबहून नागपूरची गाडी. आबा पुरुषांच्या डब्यात बसले. मोठ्या बाई मात्र डब्यातल्या बायांशी कापसाच्या भावापासून जावयापर्यंत सगळं बोलत होत्या.

दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई होत्या, पांढरं लुगडं, चष्मा. त्यांनी विचारलं, "दुखतं का?"

"नाई," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुखत नाई म्हणूनच आली. दुखल्यावर आलेली पाह्यली म्या."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग बराच वेळ तपासलं, काखेतही बोटं दाबून पाहिलं, आणि सांगितलं की गाठ अजून हलते आहे, काखेत काही हाताला लागत नाही. मोठे सर्जन छाती काढतील. "खात्री मी देत नाही. कुणीच देणार नाही. पण आमच्याकडे बाया येतात त्या जखम घेऊन येतात. तुम्ही गाठ घेऊन आलात. फरक आहे तो तेवढाच, आणि फार मोठा आहे." मोठ्या बाईंनी एकच विचारलं, हात चालेल का? भाकरी थापता येईल का? क्लोरोफॉर्म द्यायला आत नेताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इंदे, मी मेली त गावात सांगजो, कापल्यानं मेली. पण लपवल्यानं नाई मेली." मी बाहेर बाकावर बसून राहिले. आबा भिंतीला टेकून उभे होते; कोणी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

त्या वाचल्या. पण सोपं नव्हतं, तेही लिहायला हवं. घरी आल्यावर डावा हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं त्या भिंतीला तोंड करून उभ्या राहायच्या आणि बोटं भिंतीवरून मुंगीसारखी वर चढवायच्या. जिथं पोचतील तिथं चुन्याची रेघ. डोळ्यांतून पाणी गळायचं, तोंडातून आबा बैलांना घालतात तशा शिव्या. काही दिवस असेही गेले की त्या भिंतीकडे फिरकल्याच नाहीत, गोधडी ओढून पडून राहिल्या, मला म्हणाल्या, "आरशात पाह्यलं की वाटते, ही कोन आहे..." मी शेजारी पडून राहिले. मग एक दिवस रेघ पुन्हा वर सरकली.

गावच्या बाया समाचाराला येत, हळूच सुचवत, चोळीत थोडा कापूस भरा, कळणार नाही; वऱ्हाडात कापसाला काय तोटा! त्यावर मोठ्या बाई मोठ्यानं हसायच्या. "कापूस विकायसाठी असते व, कोंबायसाठी नाई." आणि तशाच, एका बाजूनं सपाट, बाजारात जायच्या. पुढच्या संक्रांतीला नानाजींच्या घरी हळदीकुंकू होतं. नानाजींच्या पत्नी, आमच्या काकीसासूबाई, यांनी ओळीनं सगळ्यांना कुंकू लावलं आणि मोठ्या बाईंना गाळून पुढं गेल्या. का, असं कुणीतरी विचारलं, तर म्हणाल्या, भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत. सगळ्या बाया खाली बघायला लागल्या. मोठ्या बाई उठल्या, करंडा काकींच्या हातातून काढून घेतला, स्वतःच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं.

"मूर्ती दगडाची असते, काकी. भंगली की भंगली. मी जित्ती आहे. मले कापलं अन् मी भरून आली."

मग त्यांनी ओळीत पुढं उरलेल्या बायांना कुंकू लावलं, वाण घेतलं आणि घरी आल्या. ज्या त्या दिवशी खाली बघत होत्या, त्यांतल्याच काही दुपारी एकेक करून आमच्या मागच्या दारानं यायला लागल्या. मोठ्या बाई त्यांना आत घ्यायच्या, दार लावायच्या, चोळीची गाठ सोडून व्रण दाखवायच्या आणि स्वतःच्या उरलेल्या बाजूवर बोटं सपाट फिरवून कसं पाहायचं ते शिकवायच्या. चिमटीत धरू नको, सपाट बोटानं पाह; काखही पाह; कातडी ओढल्यासारखी दिसते का, बोंडातून रक्त येते का, ते पाह. शकूरभाई पिंजाऱ्याची सून रशिदा अशीच घाबरून आली. अंगावरचं मूल होतं आणि छातीत मोठी गाठ. मोठ्या बाई तिला आणि तिच्या सासूला घेऊन खामगावच्या डॉक्टरांकडे गेल्या. ती गाठ दुधाची निघाली. उपचार झाले, बरी झाली. गावात हशा झाला, उगाच एवढा हेलपाटा म्हणून. मोठ्या बाई रशिदाच्या अंगणातच बोलल्या, "उगाच गेली अन् हसत आली. याच्यापेक्षा चांगलं काय असते? पेढे वाट, रशिदा." आणि शकूरभाईंनी खरंच पेढे वाटले.

पण एक हार त्यांनी पाहिली, ती घरातलीच. त्यांची धाकटी बहीण, देऊळगाव राजालाच दिलेली. तिनं बहिणीपासूनसुद्धा लपवलं. सासरचे काय म्हणतील, आपल्या पोरीची सोयरीक मोडेल... मोठ्या बाईंना कळलं तेव्हा तिला उचलूनच नागपूरला नेलं, पण डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मोठ्या बाईंचा हात हातात घेतला. बस. बहिणीच्या तेराव्याला मी सोबत होते. जेवणं आटोपल्यावर बाया तिचे गुण गात बसल्या, किती सोसलं बिचारीनं, कधी तोंडातून अक्षर काढलं नाही. मोठ्या बाई ताडकन उठल्या.

"तिचं कवतिक नका करू!" त्यांचा आवाज बाहेर मांडवातल्या पुरुषांपर्यंत गेला. "तिनं अक्षर काढलं असतं त आज इथं बसली असती. सोसलं म्हणता? तुमी साऱ्यायनं मिळून सोसायले लावलं. मी बी त्यातलीच. आता ज्याच्या घरी गाठ असन त्यानं मले सांगा. लाज वाटत असन त माह्या नावानं सांगा, माह्याजवळ लाज उरली नाई."

त्यानंतर त्या खूप वर्षं जगल्या. मुलांची लग्नं केली, सून आणली, नातवंडं मांडीवर खेळवली, त्याच हातानं भाकरी थापल्या. त्यांच्या सांगण्यानं वेळेवर गेलेल्या बाया मेहकर तालुक्यात आजही आहेत. सगळ्याच वाचल्या असं मी म्हणणार नाही. त्यांना स्मशानात न्यायच्या आधी सवाष्ण म्हणून ओटी भरायला जी रांग लागली, ती अंगणातून रस्त्यावर गेली होती. त्या रांगेत काकीसासूबाईही होत्या, काठी टेकत आलेल्या.

तेरावं झाल्यावरही मी थोडे दिवस जानेफळलाच राहिले. एका सकाळी मोठ्या बाईंची सून कमला बाजूला बसण्याचे दिवस संपवून न्हायला गेली. या घरातली रीत सांगते: न्हाताना प्रत्येकीनं आपली छाती बोटांनी चाचपून पाहायची. महिन्याच्या त्या न्हाण्याच्या दिवशी मोठ्या बाई न्हाणीच्या दाराशी धुतलेलं लुगडं घेऊन उभ्या राहायच्या आणि ओरडायच्या, "पाह्यलं काय व?" आतून उत्तर आल्याशिवाय लुगडं मिळायचं नाही; सुनेला नाही, लेकीला नाही, मी पाहुणी आले तर मलाही नाही. पुरुष ओसरीवर असोत नाहीतर जावई आलेला असो. त्या ओरडल्या की ओसरीवर सगळे एकदम पिकापाण्याचं बोलायला लागत, आणि आबा तर उठून गोठ्याकडे जात. त्या सकाळी दाराशी कुणी नव्हतं. लुगडं कमलानं स्वतःच आत नेलं होतं. आबा ओसरीवर बसले होते, शेजारी गावातली दोन माणसं. मी स्वयंपाकघराच्या दारात. आतून पाण्याचा आवाज थांबला, आणि मग कमला, जिनं सासऱ्यापुढं कधी आवाज चढवला नाही ती कमला, भिंतीपलीकडून खणखणीत ओरडली, "पाह्यलं! काई नाई!"

ओसरीवरची दोन्ही माणसं जमिनीकडे बघायला लागली. आबा उठले नाहीत. ते तितक्याच मोठ्यानं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं म्हणाले, "बरं झालं, पोरी."