बापूरावाचं गाठोडं

कोसमघाटात कोणाचं काही हरवलं की लोक आधी घर धुंडाळत नाहीत, इतवारीबाईला विचारतात. नदीत तिला काहीही सापडतं असा तिचा लौकिकच आहे. वैनगंगेच्या पाण्यातून बाईनं आजवर काय काय बाहेर काढलं म्हणता? प्लास्टिकच्या पन्न्या तर सोडूनच द्या, त्यांना आता कोणी मोजत नाही. पण देवाच्या फुटक्या तसबिरी, मखराचा थर्माकोल, चपला, एकदा तर अख्खी खाट, आणि एकदा चक्क कोणाची तरी कवळी! ती तिनं धुऊन-पुसून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठेवली, तर दुपारपर्यंत मालक येऊन गुपचूप घेऊन गेला. मालक कोण ते तिला पक्कं ठाऊक आहे. सांगत नाही, कारण सांगायला लागली की तिचं तिलाच हसू आवरत नाही.

हे काम तिच्या मागं लागलं ते नवऱ्यापायी. शालिकराम ढिवर समाजातला, नदीवर जाळं टाकून पोट भरणारा माणूस. जाळं ओढायला गेला की मासळीऐवजी गादी वर यायची. भिजलेली गादी म्हणजे काय वजन असतं ते ज्यानं ओढली त्यालाच कळतं. जाळं फाटायचं आणि शालिकराम घरी येऊन दिवसभर फुगून बसायचा. 'त्याचं तोंड पाहत बसन्यापेक्षा नदी साफ केलेली बरी,' असं म्हणून इतवारी एका रविवारी पदर खोचून पाण्यात उतरली. मग बचत गटाच्या बाया आल्या. मग बौद्ध मोहल्ल्यातला धम्मदीप आपला ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी घाटावर ही फौज हजर. गाव आधी हसलं, मग पाहू लागलं, आणि आता कोणी काठावर पन्नी टाकली तर पोट्टेसुद्धा ओरडतात.

सगळं जमलं, पण एक गोष्ट काही केल्या जमत नव्हती.

कोसमघाटात माणूस गेलं की दहाव्याला त्याचे कपडे, गादी, उशी, पांघरूण सगळं नदीत सोडायची रीत. मेलेल्याचा जीव कपड्यात घुटमळतो, नदी तो मोकळा करते, असं म्हणतात. यात कोणाचं मन वाईट नाही, उलट मायाच आहे. पण इतवारीनं रविवारी डोह साफ करावा आणि बुधवारी कोणाचा तरी दहावा निघावा. ती घरोघरी जाऊन सांगायची, 'नदीत सोडू नका जी, मले द्या. मी धुतो, चांगलं असन ते गरजवंताले देतो, फाटक्याच्या वाकळा शिवतो.' लोक माना डोलवायचे, चहा पाजायचे आणि दहाव्याला गाठोडं नदीत सोडायचे. पहिलं कोण होणार, सगळं अडलं होतं ते तिथं.

अशात बापूराव गेले. भरल्या वयात, रात्री वरणभात जेवून झोपले ते उठलेच नाहीत. धिप्पाड माणूस. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकात राजाचा पार्ट करायचे, आणि म्हातारपणी घरातही राजासारखेच वागायचे. त्यांचा मुलगा देवराव म्हणजे नाकावर राग. तरी इतवारी हिय्या करून त्याच्या दारात गेली. तिचं बोलणं संपेपर्यंत देवराव कपाळाला आठ्या घालून उभा होता. शेवटी आतून त्याची आई गिरजाबाई म्हणाली, "देऊन टाक गा देवराव. बुड्याले नदीत पोहता येत नव्हतं, त्याचे कपडे कायले पाठवतं?"

देवरावचा चेहरा जरा सैलावला. "ठीक आहे बाई," तो म्हणाला. "उंबराखालच्या काळ्या खडकावर गाठोडं ठेवतो, तुमी नेजा. पन काई गडबड झाली ना, तं माह्या हातानं नदीत सोडीन. मंग या गावात कोनाले इचारू नोका."

इतवारीला ते बरोबर समजलं. हे गाठोडं हाती आलं तर पुढची घरं ऐकतील. हे नदीत गेलं तर मेली तरी कोणी ऐकणार नाही.

दहाव्याच्या सकाळी थंडी अशी की नदीतून वाफ निघत होती. इतवारी आणि धम्मदीप ट्रॅक्टर घेऊन उंबरापलीकडं थांबले. खाली घाटावर भाऊबंद डोकी भादरून घेत होते, कोणी पाण्यात होतं, पिंड मांडून झाला होता आणि कावळा काही येत नव्हता. आता पुरुष आंघोळीला उतरले की बाईमाणसानं तिकडं पाहायचं नाही, ही कोसमघाटची रीत. इतवारी नदीत कितीही कंबरभर उतरो, या बाबतीत मोठी कडक. ती पाठ करूनच उभी होती.

तिला धास्ती होती ती देवरावच्या काकाची. तो म्हातारा सकाळपासून पुटपुटत होता, "बापजाद्याईची रीत सोडून बायाइच्या नादी लागला." सवयीनं त्यानंच गाठोडं उचलून पाण्यात लोटलं तर? कावळ्याची वाट पाहण्यात सगळं हातचं जायचं. इतवारीला राहवेना. तिनं पदर डोळ्यांवर ओढला, तोंड गावाकडं ठेवलं आणि खेकड्यासारखी तिरकी-तिरकी चालत खडकापाशी गेली. हात मागं करून चाचपलं. लागला कपड्यांचा ढीग. गाठ सुटली असेल असं समजून तसाच कवेत घेतला आणि निघाली. घाटावरच्यांनी ट्रॅक्टरचा आवाज ऐकला, पण बाई गाठोडं न्यायला येणार हे त्यांना माहीतच होतं, म्हणून कोणी वळूनही पाहिलं नाही.

बोअरिंगपाशी बचत गटाच्या बाया चुलीवरच्या मोठ्या गंजात सोडा घालून पाणी उकळत बसल्या होत्या. मेलेल्याच्या कपड्यांना हात नको, म्हणून बायांनी अख्खा ढीग न पाहताच काडीनं गंजात ढकलला. एकीनं काडीनं ढवळता ढवळता काहीतरी वर काढलं आणि तिथंच थांबली.

"इतवारीबाई, बुडा जीनची पॅन्ट घालत होता काऊन वो?"

इतवारीनं पाहिलं. बापूरावांनी जन्मात धोतर सोडलं नव्हतं. मग त्याच काडीला एक चट्ट्यापट्ट्याचा टी-शर्ट आला, मग पट्टा, मग आणखी एक फुलपॅन्ट. गाठोडं खडकाच्या पलीकडच्या अंगाला होतं. अलीकडच्या अंगाला आंघोळीला उतरलेल्यांनी आपापले कपडे काढून ठेवले होते. आणि ते सगळे आता सोड्याच्या पाण्यात शिजत होते.

"माय वो," एवढंच ती म्हणाली. बायांना हसू फुटलं होतं, पण तिचं तोंड पाहून त्यांनी ते गिळलं. रडून काय होणार होतं? ती ट्रॅक्टरवर चढली. धम्मदीपनं वाटेत एकदाच विचारलं, "आता काय करन काकू?"

घाटावर कावळा शिवून गेला होता आणि भाऊबंद ओल्या गमछ्यांत कुडकुडत खडकाभोवती कपडे शोधत होते. इतवारी दूर उभी राहिली, नदीकडं पाठ करून.

"देवरावभाऊ, चूक माही झाली जी. तुमचे कपडे मी नेले. ते भिजले."

"भिजले म्हंजे?"

"म्हंजे सोड्यात हायेत."

मागून काकाचा आवाज आला, "सांगतलं होतं मी. रीत मोडली का असंच होते. उचल देवराव ते गाठोडं आन दे सोडून."

वाळूत पावलं वाजली. मग पाण्यात. तिला वळून म्हणावंसं वाटत होतं की मला काय बोलायचं ते बोला, गाठोडं सोडू नका. पण वळता येत नव्हतं, आणि चूक आपलीच, तर म्हणायचं कोणत्या तोंडानं? गाठोडं पाण्यात पडल्याचा आवाज तिनं आजवर किती वेळा ऐकला होता. ती डोळे मिटून त्याचीच वाट पाहत राहिली.

आवाज आला तो दुसराच. बापूरावांचा जावई प्रफुल, देवरावच्या बहिणीचा नवरा, चंद्रपूरचा, शहरी माणूस. त्याचे दात वाजत होते.

"देवरावभाऊ, सोडता तं सोडा. पन आधी त्यातला एखादा सदरा मले काढून द्या. नाईतं तेरवीले माहाही फोटो मांडा लागन."

कोणीतरी फिसकन हसलं आणि ते खोकल्यात लपवलं. पावलं पाण्यातून मागं वाळूवर आली. मग गाठ सोडल्यासारखा आवाज झाला, आणि देवराव म्हणाला, "घ्या जवाई."

"अरे, मेलेल्या मानसाचे कपडे आंगात घालते का कोनी?" काका करवादला.

"मेलेला मानूस माहा बाप होता काका," देवराव म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "लहानपनी थंडी वाजली का त्याच्याच धोतरात घुसत होतो मी. आता काऊन भ्यावं त्याले?"

इतवारीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुसायचंही भान नव्हतं तिला. मागं सळसळ सुरू झाली, कापड झटकल्याचे आवाज, "हे मले होते का पाहा," "अरे, हे तं कोरंच आहे." लग्नाकार्यातले आहेर बापूरावांनी आयुष्यभर जपून ठेवले होते, घडी न मोडलेली धोतरं, सदरे, शेले. कोणालाही कमी पडलं नाही.

मग ती मंडळी चढून वर आली, तेव्हा कुठं इतवारीनं पाहिलं. सगळे ताजे गुळगुळीत टकले, आणि सगळे बापूराव! कोणाच्या बाह्या गुडघ्यापर्यंत, कोणाचं धोतर धुळीत लोळतंय. जावयाच्या वाट्याला नाटकातला राजाचा मखमली कोट आला होता, जरीच्या काठाचा, आणि तो खाली ओला गमछा नेसून मोठ्या रुबाबात चालला होता. काकानं हात लावणार नाही, लावणार नाही म्हणत शेवटी घोंगडी पांघरली होती. थंडी काय रीत पाहून वाजते? देवरावच्या अंगात बापाचा रोजचा खाकी सदरा होता. तो मात्र त्याला बेताचा बसला होता, जसा त्याच्यासाठीच शिवला होता. इतवारीपाशी तो थांबला, नुसतं नाक ओढलं आणि पुढं गेला.

घरी गिरजाबाई उंबरठ्यात बसली होती. गल्लीतून नवऱ्याच्या कपड्यांची ही वरात येताना तिनं पाहिली आणि सगळ्यांचे पाय जागच्या जागी थांबले. आता म्हातारी काय करते? तिनं एकेकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. राजाच्या कोटापाशी जरा जास्त वेळ लागला.

"एवढ्या बापूरावाइले आता जेवाले वाढू कोन?" ती म्हणाली आणि हसू लागली. हसता हसता तिनं देवरावची बाही धरली आणि त्याच बाहीत तोंड खुपसून रडली. दहा दिवसांत ती पहिल्यांदा रडली होती.

तेरवी झाल्यावर इतवारीनं भाऊबंदांचे कपडे धुऊन, इस्त्री करून ट्रॉलीत घातले आणि धम्मदीपला घेऊन घरोघरी निघाली. हे द्यायचे, बापूरावांचे घ्यायचे. शेवटी गाठोडं तिलाच मिळायचं होतं ना? जावई चंद्रपूरला गेला तो मखमली कोट घेऊनच गेला. काका म्हणाला, घोंगडी ऊबदार आहे, थंडी जाऊ दे मग पाहू. कोणी सदऱ्यावर हात ठेवून म्हणालं, राहू दे ना बाई, बुड्याची आठवण आहे. देवराव दारातच भेटला, खाकी सदरा घालूनच.

"नदीत तं काई सोडलं नाई ना जी?" इतवारीनं विचारलं.

"काई उरलंच नाई बाई, सोडू काय?" तो म्हणाला. आतून गिरजाबाईनं सांगितलं की गाठोड्याची चादर ती अंथरून झोपते, तीही मिळायची नाही. आणि पलीकडच्या आळीतला एकजण, ज्याच्या आजीचा दहावा दोन दिवसांवर आला होता, तो कुंपणावरून विचारत होता, लुगडी नातींना वाटली तर चालतात का. चालतात, देवराव त्याला म्हणाला, काऊन नाई चालत.

ट्रॉली रिकामी झाली होती. धम्मदीपनं मागं पाहिलं. "काकू, तुमच्या हाती तं एक चिंधीबी नाई लागली. चालाचं का घरी, मागच्या रस्त्यानं?"

"मागच्या कायले?" इतवारी पदर खोचून ट्रॉलीत चढली आणि ऐन मधोमध पाय पसरून बसली. "गावातून ने गा, आन हळू ने. रिकामी ट्रॉली सगळ्याइले दिसू दे."