आत्याचे अकरा एक

मी गडहिंग्लजला एका लग्नाला गेले होते, तिथंच दादाचा फोन आला. "आत्या गेली…" मी विचारलं, "पाटी पुसली नाहीस ना?" दादा भडकला. माणूस गेलंय आणि हिला पाटीचं पडलंय! पण पाटी पुसली नव्हती, म्हणून हे लिहिते आहे.

सुमनआत्या वडिलांची धाकटी बहीण, जन्मभर शाळेत गणित शिकवलेली. कोल्हापुरात रंकाळ्याजवळ दादाच्या घरी राहायची. निवृत्तीनंतर तिनं एक संख्या धरली: एकापुढे एक, असे अकरा एक. एक हजार एकशे अकरा कोटी, अकरा लाख, अकरा हजार एकशे अकरा. ही कशानं फुटते, म्हणजे कशानं पूर्ण भाग जातो, ते तिला स्वतःच्या हातानं शोधायचं होतं. फोडणारी मूळ संख्या बावीसच्या पटीपेक्षा एकानं मोठीच असणार, एवढं तिला ठाऊक होतं. म्हणून तेवीस, सदुसष्ट, एकोणनव्वद… रोज सकाळी पाटीवर एक भागाकार, शेवटी अंकांच्या बेरजा करून नवाचा ताळा, की पाटी पुसायची. मोबाईलवर उत्तर लगेच मिळेल असं मी म्हटलं, तर उखडली. "तू पांढरा रस्सा प्यालीस म्हणून माझं प्वाट भरतंय व्हय गं? खबरदार, सांगितलंस तर!"

मी मात्र गुपचूप पाहून घेतलं. एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासनं ती फुटते.

एका सकाळी गेले, तर पाटीवर नेमका तोच भाजक. आत्यानं ताळा घेतला आणि म्हणाली, "न्हाय गेलं." बाकी उरली होती. मी वाकून पाहिलं. एका ओळीच्या शेवटी सत्तेचाळीस हवे होते. 'सत्तेचाळीस' म्हणताना तोंडात आधी सात येतो. हातानंही आधी सातच लिहिला होता. चौऱ्याहत्तर! अंक तेच, त्यामुळे नवाच्या ताळ्याला चूक दिसली नाही.

ती पुढच्या भाजकांशी झुंजत राहिली. धाप लागायची, तरी पाटी सुटत नव्हती. वाया चाललेली ती मेहनत मला बघवेना. शेवटी एवढंच म्हणाले, "आत्या, अंकांची अदलाबदल नवाच्या ताळ्यात सापडत नाही गं."

कुठं चुकलं, ते तिनं विचारलं नाही. ओल्या फडक्यानं पाटी पुसली. "मग अकराचा बी ताळा लावायचा, त्यात घावतंय ते. परत तेवीसपासनं."

"सगळं?"

"सगळं की!"

मला रागही आला आणि रडूही.

दुसऱ्या फेरीत ती तिथवर पोचलीच नाही. पाटी आता माझ्याकडे आहे. तिचा अर्धा राहिलेला भागाकार मी पुरा केला. सरळ एकवीस हजारांवर उडी मारता आली असती… उत्तर ठाऊक असून मी तिच्यासारखीच एकेक पायरी चढते आहे, दोन्ही ताळे लावून. शून्य आत्याच्या पाटीवरच यायला हवं. आज सकाळीही बाकी उरली.

न्हाय गेलं, आत्या. पुढचा घेते.