आजच्या तारखेचा जुना अंक

पुढच्या आठवड्यात काय होणार हे पक्के ठाऊक असूनही त्याची मनापासून वाट पाहणारा एकच माणूस मी या पृथ्वीतलावर पाहिला, आणि ते माझे व्याही होते. त्यांच्याविषयी मेलबर्नच्या मराठी मंडळींत जे सांगितले जाते त्यातले बहुतेक खोटे आहे. ते खोडून खोडून मी थकलो आहे. परंतु न खोडता गप्प बसण्याची विद्या मला या वयात कोण शिकवणार?

पहिले खोटे असे की, माझ्या मुलाने आपल्या सासऱ्याला टार्निट या उपनगरातल्या आमच्या घरी गॅरेजात ठेवले. क्रेगीबर्नच्या एका गृहस्थांनी गणपतीच्या आरतीनंतर, तोंडात मोदक असताना, मला ऐकवले, "काका, सासऱ्याला गॅरेजात? दॅट्स नॉट ऑन, शोभत नाही हां!" मी त्यांना तिथेच विचारले की आपण पाहायला आला होतात काय? वस्तुस्थिती अशी की, लेकीच्या घरी मुक्काम करायचा नाही हा व्याह्यांच्या घराण्याचा नेम होता आणि तो ते समुद्र ओलांडून पाळीत होते. नातवंड झाले की ही अट सुटते, असे मी त्यांना परोपरीने सांगितले. "जेवायची सुटते, व्याहीसाहेब. राहायची नाही," ते म्हणाले. गॅरेजही लेकीच्याच घराचे आहे ना, असे मी विचारले. तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "गॅरेज गाडीचं असतं." गाडी बिचारी त्या दिवसापासून रस्त्यावर गेली.

गॅरेजात त्यांचा पलंग होता, एक केटली होती आणि तिन्ही भिंतींना टेकून जुने बांधीव खंड रचलेले होते. युरोपात राहणाऱ्या आणि येऊन-जाऊन असणाऱ्या अमेरिकनांसाठी शंभरेक वर्षांपूर्वी एक इंग्रजी साप्ताहिक निघत असे, त्याचे ते खंड. कोण कोणत्या बोटीने निघाले, पॅरिसच्या कोणत्या हॉटेलात उतरले, लिव्हरपूलला कापूस काय भावाने गेला, शिवणयंत्रांची एजन्सी व्हिएन्नात कोणी घेतली, आणि कोणत्या पीठगिरणीवाल्याची कन्या कोणत्या कर्जबाजारी सरदाराला दिली, हा त्यातला मजकूर. मुंबईत ज्या कापसाच्या पेढीत ते नोकरीला होते तिचे वाचनालय बंद झाले तेव्हा हे खंड रद्दीत निघाले होते. लेकीने इकडे येताना तांब्याची भांडी आणि शिसवी टेबल आणायला सांगितले. यांनी पेटाऱ्यांतून हे आणले. बंदरावरच्या तपासनीस बाईंनी पुस्तकांत किडे आहेत काय असे विचारले, तर म्हणाले, "असतील तर तेही वाचकच आहेत." त्या विनोदापायी सगळे पेटारे धुरी देण्याकरिता अडकून पडले.

आता मुख्य गोष्ट. हे खंड ते पुस्तकासारखे वाचीत नसत. ज्या तारखेचा अंक त्याच तारखेला वाचायचा, आणि पुढचे पान उलटायचे नाही. अंकातली मंडळी जुलैत समुद्रस्नानाला निघत तेव्हा हे टार्निटच्या थंडीत कानटोपी घालून, दोन स्वेटरांवर शाल घेऊन, "यंदा तिकडे उकाडा फार आहे," असे मला गंभीरपणे सांगत. माझी नात म्हणे, "आजोबा, दॅट्स लाइक, सुपर ओल्ड न्यूज." त्यावर ते म्हणत, "मी अजून कुठे वाचलीय? मग जुनी कशी?" एकदा मंडळाच्या सहलीत त्यांनी चहा घेताघेता "कापूस कोसळला, आता गिरण्यांचं कठीण आहे," असे उद्गार काढले, आणि पुण्याच्या एका संगणकवाल्या तरुणाने ते ऐकून आपले शेअर विकून टाकले. तो बुडाला असे लोक सांगतात. साफ खोटे! त्याचा फायदा झाला, आणि साधा पेढ्याचा पुडाही घेऊन तो आला नाही.

त्यांचा सर्वांत जास्त जीव गुंतला होता तो मिनेसोटाच्या एका गिरणीवाल्याच्या धाकट्या मुलीत. ही मुलगी प्रथम आईबरोबर हवापालटाला आली, मग गाणे शिकायला राहिली, मग तिचे नाव एका इटालियन उमरावाच्या नावाशेजारी छापून येऊ लागले. व्याह्यांची झोप उडाली. "एवढ्या लांब देऊ नये हो मुलगी," ते मला म्हणाले. "बोटी आहेत म्हणून काय बापाला रोज जाता येतं?" मी म्हटले, मुलगी केव्हाच म्हातारी होऊन वारली असेल. ते चिडले. "आपल्याला फार पुढचं दिसतं," म्हणाले, आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढचे दिसत होते हे मात्र खरे. खंड पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर येऊन ठेपले होते. ऑगस्ट उजाडला की त्या साऱ्या जगाचे काय होणार हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते, आणि त्याबद्दल चकार शब्द काढायला मला बंदी होती. त्याच सुमारास डॉक्टरांनी त्यांच्या फुप्फुसांचे चित्र पाहिले. "बाबा, प्लीज," सूनबाई रडकुंडीला येऊन म्हणाली, "डस्ट अव्हॉइड करायला सांगितलंय. एक तर तुम्ही आत या, नाहीतर ती पुस्तकं जाऊ देत." माझ्या मुलाने एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात विचारले. तिकडून उत्तर आले की हे साप्ताहिक आता सगळे पडद्यावर मिळते, कागद नको. मुलाने लगेच टॅब्लेटवर ते काढून त्यांच्या हातात दिले. त्यांनी एकदा बोट फिरवले आणि चटका बसल्यासारखे ते परत केले. "छे, छे! इथे पुढचा आठवडा एका बोटावर आहे. नको." शेवटचा खंड संपेपर्यंत थांबा, मग म्हणाल तिथे राहतो, एवढीच त्यांची मागणी होती. सूनबाईने मान्य केले. गॅरेजात त्यांना कोणी ठेवले नव्हते. त्यांनी आम्हाला थांबवले होते.

जुलैच्या मध्यावर त्यांना इस्पितळात न्यावे लागले. मी शेवटचा खंड ओल्या फडक्याने पुसून, उशीच्या अभ्र्यात घालून घेऊन गेलो. नाकाला नळी होती, म्हणून वाचायचे काम माझ्याकडे आले. बोटींची यादी वाचली, साखरेचे भाव वाचले. मग ती बातमी आली: मुलीचे लग्न सप्टेंबरात ठरले, पोशाख पॅरिसला शिवायला टाकले, आणि पित्याने येण्यासाठी बोटीवर जागा राखून ठेवली.

 व्याह्यांना किती अवधी आहे हे डॉक्टरांनी आम्हाला सकाळीच सांगितले होते, आणि मी जन्मभर नियम मोडणाऱ्यांशी भांडलेला माणूस त्या क्षणी म्हणालो, "पुढचे दोन अंकही वाचून टाकू का?"

"आज तारीख काय?" त्यांनी विचारले. मी सांगितली.

"मग राहू द्या." त्यांनी हात खंडावर ठेवला. "बाप निघायचा आहे अजून. बोटी सुरू आहेत."

मी वाद घातला नाही.

ते त्याच आठवड्यात गेले. पुढच्या अंकाची तारीख आली आणि गेली. खंड माझ्या खोलीत आहे, इंग्रजी मला उत्तम येते, आणि ते पान मी उलटलेले नाही. नात मधूनच विचारते की त्या मुलीचे लग्न झाले का, तिचे बाबा पोहोचले का. आजवर कोणत्याही प्रश्नाला मी असे उत्तर दिले नव्हते. तिला मात्र सांगतो की मला माहीत नाही.