पाच सॉफ्टवेअरं आणि एक चेहरा

आमच्या खरेदी विभागात त्यांना सगळे तक्तेसाहेब म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर दिसे. पेन्सिली घ्यायच्या असोत की लिफ्टची मोटर, पाच पुरवठादारांचा तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय ते कागद पुढे सरकू देत नसत. "शेवटचा लिफाफा उघडेपर्यंत पहिल्याला हसूनसुद्धा दाखवायचं नाही," असं त्यांनी मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात बजावलं होतं. आता माझी निवृत्ती दीड वर्षावर आली, तरी ते वाक्य डोक्यातून गेलेलं नाही.

दुसरा नाद फोटोग्राफीचा. सुट्टीच्या दिवशी उजाडता उजाडता ते कॅमेरा घेऊन बाहेर पडत. पूल, जिने, बंद दारं, पाण्यावरचे पक्षी. माणसांच्या वाटेला जात नसत. "माणूस हलतो," म्हणायचे. एकदा त्यांच्या घरी चहा घेताना वहिनी आतून म्हणाल्या होत्या, "मी तर दिवसभर एकाच खुर्चीत शिवत बसते. माझ्याकडे कुठे वळतो कॅमेरा?" तक्तेसाहेब हसले, मीही हसलो. विषय तिथेच संपला.

साहेब निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत वहिनी गेल्या. मुलगा परदेशातून आला, दहा दिवस राहिला, कपाटं आवरून गेला. मग साहेबांनी संगणकावरचे सगळे फोटो चाळले. अकरा हजारांच्या वर भरले. त्यात बायकोचा एक.

तोही तिच्यासाठी काढलेला नव्हता. नवी लेन्स आली होती आणि पाठीमागून उजेड असताना ती कसं काम करते ते बघायचं होतं. वहिनी खिडकीपाशी सुईत दोरा ओवत होत्या. मागे लख्ख दुपार, पुढे चेहरा जवळजवळ काळा. लग्नातल्या फोटोत त्या बावीस वर्षांच्या आणि घाबरलेल्या, आणि ओळखपत्रावरच्या फोटोत तर कुठलाही माणूस आरोपीच दिसतो. म्हणजे साहेबांना जी बायको माहीत होती ती या अंधारात होती. फोटो कच्च्या फाईलमध्ये होता. कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं तिच्यात जसंच्या तसं राहतं, आणि चांगलं सॉफ्टवेअर असेल तर काळोखातूनही बरंच काही वर काढता येतं. प्रश्न एवढाच होता की कुठलं सॉफ्टवेअर, आणि पेन्शनीत बसेल असं कुठलं.

साहेबांनी अर्थातच तक्ता केला. पाच सॉफ्टवेअरं. पहिलं नावाजलेलं, पण विकत मिळत नाही, दरमहा भाड्याने घ्यायचं आणि करार वर्षाचा. दुसरं आणि तिसरं एकरकमी. चौथं फुकट, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं. पाचव्याला एकच बटण, बाकी सगळं ते स्वतःच्या बुद्धीने करणार. बहुतेकांना महिनाभर वापरून बघायची मुभा होती. साहेबांनी प्रत्येकाला एकेक महिना दिला, एकामागून एक, आणि फोटो तोच ठेवला. "एकच माल पाचही जणांकडे दिल्याशिवाय तुलना कशी व्हायची?" असं मला फोनवर म्हणाले.

पाच महिन्यांत मी दोनदा गेलो. दिवाणखान्यात टेबलावर संगणक, भिंतीवर पक्षी, खुर्च्या दोन. एका खुर्चीवर शिवणाची टोपली तशीच होती, म्हणून मी दारालगतच्या स्टुलावर बसलो. साहेब पडद्यावरचे स्लायडर केसभर सरकवत, मागे रेलून बघत, पुन्हा सरकवत. दिवसभरात बोलायला दूधवाला आणि हा फोटो. तक्त्यात मात्र रकाने शिस्तीत भरलेले होते: सावलीतला तपशील, त्वचेचा रंग, वेग, शिकायला सोपं की अवघड. पहिल्यापुढे लिहिलं होतं, "तपशील उत्तम. रंग बरोबर. भाडं कायमचं. नापसंत."

पाचव्याने एका बटणात चेहरा लख्ख केला. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "ही कोण बाई?" पापण्या लांब, गाल गुळगुळीत, हनुवटीवरचा व्रण गायब. सॉफ्टवेअरने दिसत नव्हतं ते मनाने भरून टाकलं होतं.

बाकीच्यांपैकी कुठलं घ्यावं हे ठरेना. साहेबांनी दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतची चारही चित्रं मुलाला फोनवर पाठवली. मुलाकडून चारही चित्रांना एकेक अंगठा आला. तेव्हा चारही छापून घेऊन ते मेहुणीकडे गेले. सोबत म्हणून मला नेलं. मेहुणी वहिनींपेक्षा सहा वर्षांनी लहान, शाळेतून निवृत्त, आणि फळ्यासमोर बोलायची सवय अजून गेलेली नव्हती.

तिने चष्मा लावला आणि चारही चित्रं जेवणाच्या टेबलावर मांडली.

"भावोजी, ही तर आमची आई!"

"कुठली?"

"ही पिवळट. आई आजारी होती तेव्हाची. आणि ही," तिने पाचव्या सॉफ्टवेअरच्या चित्रावर बोट ठेवलं, "ही तुम्ही कुठून आणलीत? साबणाच्या जाहिरातीतली दिसते."

"ती मशीनने केली."

"मशीनला द्या परत." मग उरलेली दोन बराच वेळ बघत राहिली. "भावोजी, रागावणार नाही ना? ताई सावळी होती हो. चांगली सावळी. तुम्ही हिला गोरी करून ठेवलीत."

"गोरी नाही केली. अंधार होता, उजेड वाढवला."

"उजेड वाढवा की. रंग कशाला वाढवता? लग्नाच्या वेळी तुमच्या मावशीने नाक मुरडलं होतं रंगावरून, तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, मला चालतो म्हणून. आता काय झालं?"

साहेबांनी चित्रं गोळा करून पाकिटात घातली आणि पाकीट तळहाताने दाबून दाबून सपाट करत राहिले. परतताना बसमध्ये एकदम म्हणाले, "पहिल्यात आली होती ती. पहिल्या महिन्यात, एका दुपारी. मी लिहूनसुद्धा ठेवलंय, रंग बरोबर."

"मग ते चित्र का नाही आणलंत?"

"पक्कं करून बाहेर काढलंच नव्हतं. पाचही होईपर्यंत कुणाचंच पक्कं करायचं नाही असं ठरवलं होतं. नंतर बाकीच्यांचं केलं. पहिलं तर नापसंतच होतं."

घरी जाऊन त्यांनी पहिलं सॉफ्टवेअर उघडलं. पडद्यावर पाटी: मुदत संपली. पाटीमागे फोटोंची यादी दिसत होती आणि तिच्यात वहिनी, नखाएवढ्या. त्यांनी क्लिक केलं, पुन्हा पाटी. साहेब खुर्चीतून उठून पडद्याला नाक लावून बघू लागले. दुसऱ्या कंपनीचा माल अंदाजाने तसाच करता येईल असं मी म्हणालो. "चार महिने तेच केलं ना," ते म्हणाले. "त्या दुपारी कसं जमलं कोण जाणे. आठवत होती ती, बहुतेक. आता आठवायला बसलो की ही चार चित्रंच आठवतात."

मी सुचवलं, भाडं भरून टाका. वर्षाचा करार त्यांच्या पेन्शनीला जड होता, आणि आजवर त्यांनी भाड्याची वस्तू घरात येऊ दिलेली नव्हती. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी पक्ष्यांसाठी घेतलेली लांब लेन्स विकली आणि करार केला. मला बोलावून घेतलं. एकट्याने उघडायची हिंमत होईना, असं ते म्हणाले नाहीत. "साक्षीदार लागतो," असं म्हणाले.

फोटो उघडला. स्लायडर सगळे त्या दुपारच्या जागी होते. पडदाभर केला तर डोळ्यांच्या जागी नुसते रवे. कॅमेऱ्यानेच जेवढं कमी टिपलं होतं त्याला सॉफ्टवेअर काय करणार? लहान केला की चेहरा जुळून यायचा. बघत बघत साहेब काडेपेटीच्या आकारापर्यंत खाली आले. तेवढ्या आकारात बाई सावळी होती, हनुवटीवर व्रण होता, आणि सुईकडे बघताना ओठ जरा दुमडलेले होते.

त्याच आकाराच्या दोन प्रती छापल्या. छापणारा म्हणाला, "काका, एवढुसा? मोठा करून देतो की, त्याच पैशात." साहेब म्हणाले, "नको. एवढीच आहे."

एक प्रत मेहुणीला दिली. तिने ती हातात घेतली, आणि फळ्यासमोरचा आवाज पहिल्यांदाच गेला. "आली हो ताई," म्हणाली आणि पाणी आणायला आत निघून गेली.

खाली उतरल्यावर साहेबांनी मला विचारलं, "तुम्ही पाहिलंत ना तिला? अशीच होती?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. पण मला त्या दिवसाचा चहा आठवत होता, आतून आलेला आवाज आठवत होता, चेहरा नव्हता. मी तसं सांगितलं.

"मलाही नाही हो," ते म्हणाले. "तिला ताई दिसली. मला त्यात स्लायडरचे आकडेच दिसतात, सावल्या अठ्ठेचाळीस, पिवळा उणे सहा. पाच महिने त्याच चेहऱ्यावर काम केलं ना मी."

करार वर्षाचा आहे, पण साहेबांनी ते सॉफ्टवेअर त्यानंतर फारसं उघडलेलं नाही. दर रविवारी ते मेहुणीकडे जातात. काडेपेटीएवढी चौकट तिच्या चष्म्याच्या घराशेजारी असते. साहेब चौकटीकडे बघत नाहीत. बोलता बोलता मेहुणीची नजर तिकडे जाते, तेव्हा ते बोलणं थांबवतात आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतात.