तांबड्या रेघेपर्यंत

आमचे दाजी पाणी पीत नसत, जेवत असत. मांडी घालून बसायचे, काचेचा लहानसा पेला दोन्ही हातांत धरायचे, एक घोट तोंडात घेऊन तो घोळवत राहायचे आणि भाकरीचा घास चावावा तसा चावून मग गिळायचे. पेल्यावर बाहेरून अक्कानं नखपॉलिशनं एक तांबडी रेघ ओढली होती. पाणी त्या रेघेपर्यंतच. डॉक्टरांनी दिवसाचं जे माप ठरवून दिलं होतं, ते तिनं अशा मोजक्या पेल्यांत वाटून टाकलं होतं.

पण पहिला घोट घेण्याआधी दाजी तो पेला समोरच्या माणसापुढे करायचे. "घ्या, पाणी घ्या." आपल्याकडे माणूस बसलेला असताना एकट्यानं पाणी प्यायचं नसतं, एवढंच त्यांच्या मनात असायचं. माहितीतले लोक हात जोडायचे. एकदा गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसानं मात्र पेला घेतला आणि उभ्याउभ्या रिकामा केला. अक्का काही बोलणार तेवढ्यात दाजींनी तिला डोळ्यांनीच दाबलं. तो गेल्यावर म्हणाले, "तीन जिने चढून आला होता बिचारा. माझं काय, मी बसूनच हाय." त्यानंतर दुपारपर्यंत ते लवंग चघळत बसले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे पती. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा ते उस्मानाबादच्या कचेरीत कारकून होते आणि पहिल्या तुकडीत लातूरला आले. जुन्या कागदांवरचं 'उस्मानाबाद' खोडून 'लातूर' करणं हे त्यांचं पहिलं काम. त्याच सुमारास त्यांचं लग्न ठरलं. पत्रिकेत छापखान्यानं सवयीनं 'जि. उस्मानाबाद' छापलं, तर यांनी रात्रंदिवस बसून एकेका पत्रिकेवर पेनानं जिल्हा दुरुस्त केला. आमचे वडील म्हणाले, "जावई केलाय का तहसीलदार?"

तेव्हापासून त्यांच्या तोंडी एक वाक्य बसलं. एसटी आली नाही, रस्ता उखडला, वीज गेली, की दाजी शांतपणे म्हणायचे, "जिल्हा नवा हाय. जरा दम धरा." त्यांचे केस पिकले, ते निवृत्त झाले, तरी जिल्हा नवाच. मी एकदा वैतागून म्हटलं, "दाजी, किती वर्षं नवा राहणार हा?" तर म्हणाले, "सोता बांधलेलं घर माणूस मरंपर्यंत नवंच म्हणतोय न्हवं?"

निवृत्तीच्या आसपास त्यांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. दाजी त्याला 'धुणं' म्हणायचे. "आज येऊ नका मेव्हणे, आज आमचं धुणं हाय." सोमवारी आणि गुरुवारी त्याच वेळेला चौघं शेजारशेजारच्या मशीनवर असायचे. ती त्यांची शिफ्ट. त्यात शिंपीकाम करणारे गफूरभाई होते, मुरुडच्या एक शिक्षिका होत्या आणि नुकतंच लग्न झालेला एक ट्रकड्रायव्हर होता. दाजी त्यांच्याबद्दल ऑफिसातल्या सहकाऱ्यांसारखं बोलायचे.

मग तो दुष्काळ आला, ज्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घरोघरी पाणी मापून वापरायची वेळ आली, तेव्हा दाजी हसून म्हणाले, "सगळा जिल्हाच माझ्या पथ्यावर आला की!" पण ती गोष्ट हसण्याची नव्हती. त्यांना प्यायला पेलाभर पाणी पुरत होतं, पण मशीनला एका माणसाचं रक्त धुवायला पिंपांनी पाणी लागतं. डायलिसिस केंद्राचा बोअर आटला होता. सगळी भिस्त टँकरवर. टँकर चुकला की धुणं पुढे जायचं. तसं झालं की दाजींचे पाय सुजायचे आणि चपला होईनात म्हणून ते दोन नंबर मोठ्या रबरी स्लीपरवर यायचे.

केंद्राला मोठी साठवण टाकी घ्यायला वर्गणी गोळा करण्यासाठी रुग्णांच्या नातेवाइकांनी एका रविवारी पदयात्रा ठरवली. शनिवारी मी, बायको आणि मुलगी नांदेडहून गाडीनं निघालो. पाहुण्यांकडे जाताना आपण पेढे नेतो. त्या वर्षी लोक लातूरला पाण्याचे जार नेत. आम्हीही नेले. पण माझा खरा हेतू चालण्याचा नव्हता. नांदेडला तेव्हा डायलिसिस वेळेवर होत होतं. मी पुढची खोली रिकामी करून, पलंग टाकून, दवाखान्यात दाजींचं नाव सांगूनच निघालो होतो. रविवारी परतताना दोघांना घेऊनच यायचं, असं ठरवलं होतं. एक धुणं जरी जास्त लांबलं तरी काय होऊ शकतं, हे डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं.

संध्याकाळी मी विषय काढला. अक्का भाकरी करता करता थांबली. दाजी म्हणाले, "न्हाई जमायचं, मेव्हणे."

"का?"

"मी कचेरीत आयुष्य काढलं. टँकर कसा मंजूर होतो मला ठाऊक हाय. डोकी मोजतात. तहान मोजत न्हाईत. मी नांदेडला आलो की आमच्या शिफ्टमधलं एक डोकं कमी. उद्या ती मुरुडची बाई लेकाकडं जाईल, मग दोनच राहिले. दोघांसाठी कोन टँकर पाठवतोय? गफूरभाईला कोन हाय नांदेडला?"

"म्हणून तुम्ही जीव धोक्यात घालणार?"

"धोक्यात घालून न्हाई राहिलो. मोजणीत राहून राहिलो."

मी लेखापरीक्षणाच्या नोकरीत केस पांढरे केलेला माणूस. त्यांच्या या मांडणीत चूक सापडेना, म्हणून माझा राग आणखी वाढला. अक्का म्हणाली, "बाळू, जेव आधी. मी महिनाभर हेच सांगून थकले."

रविवारी सकाळी माझी बायको आणि मुलगी पांढऱ्या टोप्या घालून चालायला गेल्या. दाजींना चालवत नव्हतं. त्यांनी वाटेवरच्या पाण्याच्या टेबलाचा जिम्मा मागून घेतला. ज्याला पाणी वर्ज्य, तोच पाणी वाटायला. गफूरभाई शेजारी बसून म्हणाले, "साहेब, ये तो बिल्ली के हाथ में दूध दे दिया!"

दाजी प्रत्येकाला अर्धाच पेला देत होते. कॉलेजचा एक पोरगा म्हणाला, "काका, भरून द्या की!"

"आधी हे पी. तहान राहिली तर तू परत येशील. सांडलेलं परत येत न्हाई."

ऊन चढलं. रस्त्याकडेच्या घरातून एक म्हातारी बराच वेळ हे बघत होती. ती भरलेला तांब्या घेऊन आली आणि तिनं तो थेट दाजींपुढे धरला. "दादा, समद्यांला पाजून राहिला, तुमचे व्हट तर वाळून गेलेत. घ्या. टँकरचंच हाय, पर गाळून घेतलंय."

अक्का पुढे झाली. "मावशी, त्यांना चालत—"

दाजींनी हात वर केला. तांब्या घेतला, मान मागे टाकली आणि वरून धार धरून सगळा तांब्या संपवला. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना मी किती वर्षांनी बघत होतो. तोंड पुसून ते म्हणाले, "लई गोड हाय, माय."

म्हातारी समाधानानं गेली. अक्का त्यांच्याकडे बघेना. ते तिला हळूच म्हणाले, "चार घागरींसाठी रांगेत उभी राहिली आसंल ती. तिला न्हाई कसं म्हणू?"

त्याच संध्याकाळी केंद्राचा फोन आला. टँकर आला नव्हता, सोमवारची शिफ्ट बुधवारवर गेली होती. त्याआधीचं धुणंही अर्धवटच झालं होतं. अंधार पडायच्या आत दाजींना धाप लागली; आडवं होता येईना. मी नांदेडला जायला गाडी काढली. या वेळी ते अक्काचा हात धरून गाडीत बसले. अहमदपूर मागे पडल्यावर खिडकीला डोकं टेकून एवढंच म्हणाले, "जिल्हा बदलला आता."

सोमवारी नांदेडला त्यांचं धुणं झालं. चेहऱ्याची सूज उतरली, पायांना चप्पल होऊ लागली. मला वाटलं, माझं काम झालं. बुधवारी सकाळी उठून बघतो तर दाजी पलंगावर पिशवी भरून बसलेले. अक्का काचेचा पेला टॉवेलात गुंडाळत होती.

"लातूरची गाडी किती वाजता हाय, मेव्हणे?"

माझा तोल गेला. "तिथं पाणी नाही, दाजी! मेलात म्हणजे?"

"मग एक डोकं कमी होईल. जितं हाय तवर तरी मोजू द्या." आणि मग पिशवी उचलत, "जिल्हा नवा हाय. जरा दम धरा."

मी त्यांना स्टँडवर सोडलं. अक्का खिडकीत बसली होती. तिनं मला हात केला नाही, मांडीवरचा टॉवेल धरून होती.

पुढे पदयात्रेच्या पैशांतून टाकी आली. टँकर कधी उशिरा, कधी अर्धा, पण येत राहिला. शिफ्टमधले चौघंही त्या दुष्काळातून निघाले. दाजी त्यानंतर दोन वर्षं जगले आणि एका सकाळी हृदय बंद पडून गेले. नांदेडला राहिले असते तर किती जगले असते, हा हिशेब मी अधूनमधून मांडतो. तो जुळत नाही. ते लातूरला परत गेले नसते तर बाकीच्या तिघांचं काय झालं असतं, हा आकडा मला कुठून आणायचा ते कळत नाही.

आमच्या बौद्ध घरांत माणूस गेल्यावर जलदानविधी होतो. ताटात पेला ठेवायचा, भंतेजी गाथा म्हणत असताना घरच्यांनी त्यात धार धरायची. पेला भरून पाणी ताटात सांडेपर्यंत. अक्कानं दाजींचाच पेला ठेवला होता. शिफ्टमधले तिघंही आले होते, मागे भिंतीला टेकून बसले होते.

अक्कानं धार धरली. पाणी तांबड्या रेघेला लागलं आणि तिचा हात थांबला. तांब्या तसाच तिरपा, पण पाणी बंद. भंतेजींनी तिच्याकडे बघितलं. गाथा चालू होती. मी पुढे होऊन तिच्या हाताला हात लावला, पण तो हलेना.

मागून गफूरभाईंचा आवाज आला. "होऊ द्या, अक्का. आता चालतंय त्यांना."

अक्कानं तांब्या आणखी कलता केला. पाणी रेघेच्या वर चढत गेलं, काठापर्यंत आलं आणि ताटात उतरू लागलं.