मागची मेंढरं

माझ्या पहिल्या कॅमेऱ्याने जितकी मेलेली जनावरं पाहिली तितकी गिधाडांनीही पाहिली नसतील. मी जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. हुद्दा पशुधन पर्यवेक्षकाचा, म्हणजे डॉक्टरच्या एक पायरी खाली, पण गावोगाव सगळे ‘डाक्टर’च म्हणतात. सुरुवातीला दोन-तीनदा लोकांना दुरुस्त करून पाहिलं, मग सोडून दिलं. विम्याचं जनावर मेलं किंवा बिबट्याने मारलं की पंचनाम्याला फोटो लागतो. तो काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण कॅमेरा माझ्याकडे होता. शर्टाच्या खिशात मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा, फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख छापणारा.

फोटोची रीत ठरलेली. जनावर, त्याच्या कानातला बिल्ला, मालक, आणि मागे जागा ओळखू येईल अशी काहीतरी खूण, विहीर म्हणा, देऊळ म्हणा, नाहीतर विजेचा खांब. सगळं एकाच फोटोत आणि सगळं स्वच्छ. एक जरी पुसट आलं तरी कागद परत. त्या छोट्या कॅमेऱ्याला ते सहज जमायचं, कारण त्याला लहान-मोठं कळतच नसे. बिल्ल्यावरचा आकडा आणि मागच्या डोंगरावरचं झाड त्याला सारखंच.

तळेघरला होतो तेव्हा तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मी किती पायपीट केली त्याला गणती नाही. एसटी दिवसातून एखाद-दुसरी. ती चुकली की भातखाचरांच्या बांधावरून, नाचणीच्या उतारावरून कुणाच्या तरी मेलेल्या बैलापर्यंत चालत जायचं. पोचलो की घरातली बाई डोळे पुसत पुसत चहा टाकायची आणि मी तिच्या धन्याला सांगायचो, "जरा बैलाजवळ बसा. कान वर धरा." माणूस रडतोय आणि आपण त्याला कान धरायला सांगतोय. पहिली काही वर्षं वाईट वाटलं. मग वाटेनासं झालं. मग वाटत नाही याचं वाईट वाटायला लागलं. पुढे तेही थांबलं, नुसता कंटाळा उरला.

बदली झाली ती निरगुडसरच्या बाजूला. इकडे ऊस, आणि उसात बिबट्या. लोक त्याला वाघच म्हणतात. बैलांच्या जागी आता मेंढरं आली, एवढाच फरक. तिथे एक मेंढपाळ होते, साठीच्या पुढचे. मी त्यांना मामा म्हणायचो. पीक निघालं की लोकांच्या रिकाम्या रानात ते खतासाठी मेंढरं बसवायचे. वर्षातून दोन-तीनदा तरी सकाळी त्यांचा फोन ठरलेला, "डाक्टर, वाघानं आज परत डाव साधला बगा." मी जायचो. बांधाला एखादं मेंढरू गळ्याशी फाटून पडलेलं असायचं. मामा न सांगता त्याच्या शेजारी बसायचे, बिल्ला दिसेल असा कान धरायचे आणि माझ्याकडे बघायचे. आम्हा दोघांनाही त्याची सवय झाली होती.

एकदा असाच फोटो काढून कॅमेरा खिशात टाकत होतो, तेव्हा ते हसत म्हणाले, "डाक्टर, माज्या मेलेल्या समद्या मेंढरांचं फोटू तुमच्यापाशी हाईत. जित्त्यांचा येक बी न्हाई."

मीही हसलो. पण घरी आल्यावर जेवण गेलं नाही. इतक्या वर्षांत मी जिवंत असं काय टिपलं होतं? मुलीचा वाढदिवससुद्धा त्या कॅमेऱ्याच्या कार्डावर दोन मेलेल्या शेळ्यांच्या मध्ये सापडायचा.

त्याच वर्षी मी मोठा कॅमेरा घेतला, डीएसएलआर. सोबत चित्रासारखे फोटो येतात अशी लेन्स. गळ्यात अडकवला तर मान दुखायची. बायको म्हणाली, "एवढ्या मोठ्या कॅमेऱ्यात आता काय मेलेला हत्ती बसवणार आहात?" मला खरंच जिवंत काहीतरी बघायचं होतं.

शिकलो मंचरच्या एका स्टुडिओवाल्याकडून. त्याचं सगळं आयुष्य लग्नं काढण्यात गेलेलं. तो म्हणाला, "साहेब, नवरा-नवरी दिसली पायजे. मांडव कुणाला बघायचाय? मागचं समदं उडवा." कोणता आकडा कुठे ठेवला की मागचं धूसर होतं ते त्याने दाखवलं, आणि मला तर जादूच सापडली. महिनाभर मी दिसेल त्याच्या मागचं उडवत सुटलो. डिंगोऱ्याला बहिणीकडे गेलो, तिच्या गाईचा फोटो काढला. बहीण म्हणाली, "गाय लई झ्याक आलीय रं, पण आपला नवा गोठा कुठं गेला?" मला तिची कीव आली. म्हटलं, हिला कला कळत नाही.

मग एके दिवशी मामांचा फोन आला. मी पायात बूट घालायला लागलो, तर ते म्हणाले, "कुणी मेलं न्हाई, डाक्टर. मेंढरं इकतोय. गुडघं ऱ्हायलं न्हाईत. पोरं चाकणला कंपनीत, ती काय मेंढरांमागं फिरत्यात? उद्या टेम्पो येनार हाय. आज सांजच्याला मोठा कॅमेरा घेऊन या."

गेलो. मामांनी कोरं पागोटं बांधलं होतं. मेंढरं त्यांच्या मागे बांधाच्या कडेने पसरली होती. ऊन तिरपं, पिवळं, हवं तसं. मामा म्हणाले, "समदी आली पायजेत बरं का." मी म्हणालो, "तुम्ही काळजीच करू नका." तीसेक फोटो काढले. कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा पडद्यावर मामांचा चेहरा बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. सुरकुती न् सुरकुती, मिशीचा केस न् केस. इतक्या वर्षांच्या कंटाळ्यानंतर आपल्या हातून काहीतरी झालं, असं मनापासून वाटलं.

मोठी प्रत काढली, काचेची चौकट केली आणि आठवड्याने घेऊन गेलो. मामांच्या घरापुढे मेंढरं कोंडायची जाळी गुंडाळून ठेवलेली होती. कुत्रं तिच्यावरच झोपलं होतं. मामांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि फोटो उजेडाकडे धरला.

"मी झ्याक आलोय," ते म्हणाले. मग चौकट डोळ्यांजवळ नेली. "मेंढरं कुठंयत?"

"ही काय मागे." मी पांढऱ्या-काळ्या ढगांवर बोट ठेवलं.

"ही कंची? बांडी का भुरी?"

मी वाकून पाहिलं, नुसता कापूस. मग मी तोंड उघडून जे बोलू नये ते बोललो. म्हणालो, "मामा, या कॅमेऱ्यात असंच असतं. जो मुख्य माणूस, तोच उठून दिसतो."

"मी कशाचा मुख्य, डाक्टर? माजं त्वांड घिऊन मला काय करायचंय?"

आवाजात राग नव्हता. चहा टाकायला सांगितला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ज्याने आयुष्यभर बिल्ल्याचा आकडा आणि मागचा खांब एका फोटोत स्वच्छ बसवला, त्याला एकदाच, खरोखर गरज होती तेव्हा ते जमलं नाही. हौसेपायी नडलं. स्वतःची इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

घरी येऊन तीसही फोटो तपासले. सगळ्यांत मामा, सगळ्यांत मागे धुकं. मेंढरं तोवर कुठल्या कुठल्या बाजारात पांगली होती.

पुढच्या रविवारी कॉम्प्युटरवर पंचनाम्यांचे जुने फोटो उघडून बसलो. मेलेल्या मेंढरांच्या त्या रांगा एकामागून एक पुन्हा बघत गेलो. त्यात एक फोटो सापडला. पुढे गळा फाटलेली मेंढी, शेजारी तिचा कान धरून बसलेले मामा, आणि मागे बांधावर अख्खा कळप. वाघाच्या वासाने बिथरून सगळी मेंढरं एका जागी दाटली होती आणि सगळ्यांची तोंडं कॅमेऱ्याकडे होती. कान, ठिपके, लोकर, सगळं लख्ख. कोपऱ्यात ती नारिंगी तारीख.

तो मोठा करून घेतला आणि मामांकडे नेला. या वेळी चौकट केली नव्हती. म्हटलं, "खालचा भाग कापून देतो. म्हणजे मेलेली दिसणार नाही."

मामांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्यांचं बोट मागच्या रांगेवर फिरत होतं. "ही बांडी. ही कानतुटी. ह्यो मेंढा, लई मारका. ही भुरी, हिला जुळी व्हती." एकेक करत बोट शेवटाला पोचायला बराच वेळ लागला. मग ते खाली आलं आणि मेलेल्या मेंढीवर थांबलं.

"कापू नगा," ते म्हणाले. "हिच्यापायी तर तुमी आला व्हता."

मग त्यांनी तिचंही नाव सांगितलं, मोरी. त्या दिवशीच्या पंचनाम्यात मी तिच्या बिल्ल्याचा आकडा लिहिला होता. नाव विचारलं नव्हतं.